दगडूमामाचं तेल आणि माझं सायन्स

मी सायन्सला होते. हे वाक्य त्या वर्षी मी दिवसातून चार वेळा तरी म्हणत असे, आणि त्यातलं एकदा म्हशीला. लातूरला आत्याकडे राहून बारावी केली नि गावी परतले, तेव्हा बारावी सायन्स झालेली मी एकटीच होते. मुलींत नव्हे, अख्ख्या गल्लीत. टक्के विचारू नका. पुढच्या शिक्षणाचं माझे वडील, आप्पा, 'बघू' म्हणाले होते, आणि आमच्या घरात जे करायचं नसे त्याला बघू म्हणत. तोवर मी घरी बसून होते, म्हणजे घरातल्या प्रत्येकाला त्याचंच काम समजावून सांगत होते. अव्वा, माझी आई, उतू जाणाऱ्या दुधाकडे धावायची आणि मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहून दूध कशामुळे उतू जातं त्याची कारणं सांगत असे. दूध जायचंच. अव्वा म्हणायची, "नंदे, सायन्स संपलं असंल तर फडकं दे."

आमचं गाव मुरुडपासून दोन कोसांवर. पुढच्या अंगाला किराण्याचं दुकान, मागे राहायची जागा आणि ओढ्यापलीकडे काळं रान. सकाळी आप्पांची लिंगपूजा उरकली, कपाळावर विभूतीचे पट्टे उमटले, की दुकानाच्या फळ्या निघायच्या आणि त्या खडखडाटावर गल्ली उठायची. दुकानाचा वास गूळ, रॉकेल आणि खारीक यांचा मिळून झालेला. आता नांदेडला मुलाकडे राहते, नातीबरोबर त्या काचेच्या मोठ्या दुकानांतून फिरते, तर तिथं सगळं मिळतं पण वास कशालाच नाही. साबणालाही पाकीट फोडल्यावरच. आमच्या दुकानाचा एक रिवाज होता. कोरं माप गिऱ्हाइकाच्या पिशवीत जायचं नाही. तागडीची दोन्ही पारडी सरळ झाली की आप्पा वर आणखी एक खडा टाकायचे, गुळाचा असो की खडीसाखरेचा. "वरचं पडल्याबिगर माप पुरं होत न्हाई," असं त्यांचं म्हणणं. हे आम्हा सगळ्यांच्या हाडात मुरलेलं. अव्वा चार भाकरी मागणाऱ्याच्या फडक्यात पाच बांधायची, आणि कुणी आमटीत घालायचा वाटीभर येसर उसना मागितला तर वाटीवर शीग चढल्याखेरीज तिचा हात थांबत नसे.

ट्रॅक्टर आमच्याकडे आला तोच म्हातारा होऊन. धर्माबादकडच्या कुणाकडून तिसऱ्या हाताने घेतलेला. त्याचा मूळ रंग कोणता ह्यावर घरात तीन मतं होती. चालवायचा दगडूमामा. मामा नात्याने नव्हे, गावात सगळेच मामा. अंगाने बारका, काटक, डोक्याला टॉवेल, माणसांशी बोलायची फारशी हौस नाही; इंजिनाशी मात्र गुजगोष्टी. पहाटे किल्ली फिरवताना "ऊठ बाबा, ऊठ, जोंधळा वाट बघून ऱ्हायला" असं म्हणायचा. मग ट्रॅक्टर तीनदा खाकरायचा, घसा साफ करायचा, आणि शेडावरची कबुतरं एका दमात उडायची. अव्वा त्याच्या डब्यात धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी द्यायची. तो डबा इंजिनाच्या कडेला तारेने असा बांधायचा की दुपारी धपाटे तव्यावरून काढल्यासारखे निघत. एकदा मी त्याला विचारलं की उष्णता कशी वाहते ठाऊक आहे का. तो म्हणाला, "न्हाई बा. भूक लागली का डबा सोडतो."

त्या उन्हाळ्यात मीटरचा काटा खाली बसू लागला. सांगून ठेवते, कारण पुढचं रामायण ह्या काट्याचंच आहे: इंजिनाच्या अंगात तेल पंपाने फिरतं, आणि ते किती जोराने फिरतंय हे स्टिअरिंगपुढचं मीटर दाखवतं. इंजिन तापलं की आमचा काटा पार तळाला जाऊन टेकायचा. मुरुडहून हमीद मिस्त्री आले. पांढरी दाढी, काळी बोटं, आणि आवाज इतका मऊ की शिवी दिली तरी आशीर्वाद वाटावा. मी त्यांच्याभोवती घोटाळू लागले. त्यांनी बाजूची एक टोपी फिरवून काढली, आतून स्प्रिंग आणि लोखंडी खुंटी काढून माझ्या तळहातावर ठेवली.

"ये देखो बेटी, हा प्रेशरचा वॉल. तेलाचा जोर जास्ती झाला का ह्यो उघडतो, फाजील तेल खाली परत जातंय. ही मागची स्प्रिंग थकली. मंग वॉल लवकर उघडतो, जोर टिकत न्हाई. खरं तर पुरं इंजन खोलायला पायजे, पण आप्पा म्हणतेत औंदाचा हंगाम काढून द्या. स्प्रिंगच्या मागं दोन वायसर टाकू. टेकू मिळंल."

वायसर म्हणजे भोकाची चकती, रुपयाएवढी. मी विचारलं, "मी टाकू? मी सायन्सला होते."

मिस्त्रींची नमाजाची वेळ झाली होती. हात धुवायला उठता उठता त्यांनी दोन वायसर मोजून माझ्या हातावर ठेवले. "पहले खुंटी, फिर स्प्रिंग, फिर दो वायसर, फिर टोपी. घट आवळ. मी आलोच."

मी खुंटी आणि स्प्रिंग बसवली. वायसर एक टाकला. दुसरा टाकला. आणि टोपी लावायला माझा हात उठेना. कोरं वाटलं. मिस्त्रींच्या पत्र्याच्या डब्यात वायसर चकचकत होते. म्हाताऱ्या इंजिनाला आपण इतकं जपून-मोजून का द्यावं? मी वर एक टाकला. मायेने टाकला, हे लिहून ठेवते, कारण माझ्या बाजूने लिहिण्यासारखं ह्या प्रकरणात एवढंच आहे. मग स्प्रिंग दाबून टोपी आवळली आणि ही गोष्ट विसरून गेले. मापावर टाकलेला खडा कोण लक्षात ठेवतं?

मिस्त्री आले, गाडी चालू झाली, ऊन मरणाचं, तेल पातळ. काटा उठला आणि चांगला मध्याच्या वर जाऊन उभा राहिला. मिस्त्रींनी भुवई जराशी वर केली, पण आप्पांनी इतक्या आनंदाने चहा मागवला की ती भुवई खाली आली. दुसऱ्या दिवसापासून गाव काटा बघायला येऊ लागलं. आमच्याकडे कशाचीही तब्येत 'वर' असली की ती चांगलीच, हा सर्वमान्य नियम. "आप्पा, तुमच्या गाडीचा काटा म्हंजे लई कडक!" असं कुणी म्हटलं की आप्पा नकळत स्वतःचीच छाती पुढे काढत. मी शेजारी उभी राहून 'दाब' ह्या विषयावर चार शब्द बोलत असे. ऐकणारे मान डोलवायचे. आज कळतं, ती मान उन्हाने डोलत होती.

पावसाळा सरला, पहाटे गार पडू लागलं, आणि काटा शेवटच्या खुणेवर जाऊन चिकटला. इंजिन तापलं तरी जागचा हलेना. दगडूमामा गाडी बंद करून आप्पांपुढे उभा राहिला. "काटा लई वर हाय. गाडी कण्हून राहिली."

"वर हाय तर बरंच हाय की," आप्पा म्हणाले.

"बरं न्हाई, आप्पा. खाली असलं तर आजार, पार वर असलं तरी आजारच."

मी मध्ये पडले. मध्ये पडणं हा माझा तेव्हाचा धंदाच होता. "मीटर बिघडलं असेल. आधी उपकरण तपासायचं असतं." हे मी एका पुस्तकात वाचलं होतं आणि गंमत म्हणजे ते बरोबर होतं. दगडूमामाने दुसऱ्या एका ट्रॅक्टरचं मीटर मागून आणलं, बसवलं, काटा तिथंच. म्हणजे मीटर खरं बोलत होतं. तिसऱ्या दिवशी रानात हरभऱ्याची पेरणी निम्म्यावर असताना तेलाच्या फिल्टरचं पाकिंग फाटलं आणि काळ्या तेलाची पिचकारी उडून मामाच्या सदऱ्यावरून पेरलेल्या तासाच्या ओळीवर पडली. पाकिंग नवं घातलं, तेही गेलं. काळ्या रानात वाफसा होता, म्हणजे मूठ वळली तर ढेकूळ धरावं आणि बोट लावलं तर फुटावं अशी ओल. ती आठवडाभर थांबते. पाहुण्यासारखी, नंतर निघून जाते. आप्पा चिडचिडले. रात्रीच्या जेवणाला अंबाडीची भाजी होती आणि ती त्यांनी मीठ नाही म्हणून परत केली. मीठ होतं.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. भलता उजेड, पण झगझगीत. तेल दाट असेल तर दाब वाढतो! हे मी अभ्यासात शिकले होते. आणि पेरणीच्या तोंडावर गाडीचं तेल बदललं होतं ते दगडूमामाने, एकट्याने. मी म्हटलं, आपण प्रयोग करू.

सकाळी मी दोन ताटल्या घेतल्या. एकीत डब्यात उरलेलं नवं तेल ओतलं, दुसरीत इंजिनाखालून काढलेलं. आप्पा, अव्वा आणि दुकानासमोरच्या कट्ट्यावरची नेहमीची तीन माणसं, एवढ्या जनसमुदायासमोर मी दोन्ही ताटल्या एकदम कलत्या केल्या. डब्यातलं तेल पाण्यासारखं धावलं. इंजिनातलं गोगलगायीसारखं निघालं. "बघा," मी म्हणाले, "ही दोन तेलं एक नाहीत. कुणीतरी चांगलं तेल काढून घेतलंय आणि गाडीत जाडंभरडं भरलंय."

डबा पूर्वेच्या भिंतीला टेकून सकाळपासून उन्हात तापत होता. इंजिन रात्रभर शेडात गारठलेलं होतं. तापमान आणि तेलाचा दाटपणा ह्यावर मला परीक्षेत एक प्रश्न आला होता. तो मी ऑप्शनला टाकला होता.

कट्ट्यावर कुणी 'चोर' म्हटलं नाही. आमच्याकडे तसं तोंडावर म्हणत नाहीत. एकजण म्हणाला, "तेल कुठं जातंय ते तेलालाच ठाऊक." दुसरा म्हणाला, "पोरगी शिकलेली हाय, फसायची न्हाई." मी फुलले. हल्ली आमच्या सोसायटीच्या मोबाइलच्या ग्रुपवर लोक कामवाल्या बायांबद्दल असंच बोलतात, नाव न घेता, शेवटी हात जोडलेलं चित्र टाकून. मी वाचते आणि मला त्या दोन ताटल्या दिसतात. फरक इतकाच की ह्यांना ताटल्यासुद्धा लागत नाहीत.

दगडूमामा आला. आप्पांनी त्याला ताटल्या दाखवल्या आणि विचारलं, "दगडू, काय रे हे?" मामाने दोन्ही तेलांत बोट बुडवलं, अंगठ्याशी चोळलं, वास घेतला. "तेल हेच हाय," तो म्हणाला. "इंजनातलं वापरून काळं पडलंय. दुसरं काय?"

"मग एक पळतंय, एक का पळत नाही?" मी विचारलं. वकिलासारखं.

तो माझ्याकडे बघत राहिला. रागाने नव्हे. पेरणीत मध्येच बैल बसला तर बघतात तसं. मग त्याने आप्पांना विचारलं, "तुमालाबी तसंच वाटतंय?" आप्पांनी तागडीकडे बघितलं. दुकानदार माणूस, आयुष्यभर तोंडावर नाही म्हणायची सवय नाही आणि हो म्हणायची हिंमत नाही. दगडूमामाने खिशातून किल्ली काढली, खिळ्याला अडकवली आणि पायरी उतरताना म्हणाला, "गाडी चालू करू नगा. मिस्तरीला बोलवा आन् आधी वॉल बघा."

ह्याला म्हणतात माणूस. चोर ठरून निघाला होता, तरी दुखणं कुठे आहे ते सांगून गेला. आणि मी? मी त्या दिवशी संध्याकाळी दळण घेऊन गिरणीत गेले आणि प्रयोग सांगितला. मठात बायकांच्या भजनाला गेले, तिथंही सांगितला. मठात ताटल्या नव्हत्या म्हणून प्रसादाच्या द्रोणांवर करून दाखवला.

हमीद मिस्त्री लेकीकडे गेले होते. एसटीच्या कंडक्टरबरोबर निरोप धाडला तेव्हा दुसऱ्या दिवशी आले. मी त्यांना माझा सिद्धांत ऐकवला. ते ऐकत ऐकत पाना लावत होते. टोपी निघाली, आणि त्यांनी बोटाने स्प्रिंगमागचे वायसर ओढून तळहातावर घेतले. एक. दोन. तीन. त्यांनी ते पुन्हा मोजले. तीनपेक्षा मोठा आकडा असता तरी त्यांना इतका वेळ लागला नसता.

"मी दोन दिलते," ते म्हणाले, अगदी मऊ. "हा तिसरा कुठून आला, बेटी?"

माझ्या कानात दुकानाच्या फळ्या पडल्यासारखा आवाज झाला. आप्पा शेजारीच उभे होते. मी म्हणाले, "वर एक टाकला होता."

"वर?"

"कोरं वाटत होतं."

आप्पांचं तोंड उघडलं. पंचवीस वर्षं दुकानात शिकवलेली शिकवण अशी लोखंडाची होऊन समोर आली होती. ते ओरडले, "अगं, ते गुळाला! गुळाला असतंय ते!"

मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी तिसरा वायसर बाजूला ठेवला, दुसराही काढून बघितला, परत घातला, टोपी आवळली, गाडी चालू केली. काटा चढला, मधल्या खुणेच्या जरा वर गेला, इंजिन तापल्यावर थोडा उतरला आणि तिथंच शांत उभा राहिला. "बिचाऱ्या वॉलला उघडायलाच देत नव्हतीस," ते म्हणाले. "जोर आत कोंडला. मंग तो जिथं कच्चं दिसंल तिथनं फुटणारच." हात पुसताना त्यांनी विचारलं, "दगडू किधर है?"

आप्पांनी शेजारच्याकरवी दगडूमामाला निरोप धाडला: गाडी नीट झाली, कामावर ये. उत्तर आलं: चोर कामावर कसा येईल? गावात जे पसरलंय ते गावातून गोळा करा, मग बघू. त्याचं 'बघू' आमच्यासारखं नव्हतं. अव्वाने मला आणखी एक सांगितलं, आणि ते सांगताना तिने भाकरी थापायची थांबवली नाही. दगडूमामाची बायको, सोनामामी, आदल्या दिवशी गिरणीत दळायला गेली तर बायांनी आपापले डबे जवळ ओढून घेतले. कुणी काही बोललं नाही. नुसते डबे ओढले.

आप्पा म्हणाले, "जिथं जिथं तोंड उघडलंस तिथं तिथं जाऊन बंद करून ये."

मी आधी कट्ट्यावर गेले. सरळ सांगितलं की चूक माझी, वायसर मी जास्त टाकला, तेल खरं होतं. तिघांनी ऐकून घेतलं. मग एकजण आप्पांकडे बघून कौतुकाने म्हणाला, "मालकाचं मन लई मोठं. गरिबाची अब्रू झाकायला लेकीला पुढं केलं." मी म्हणाले, "नाही हो, खरंच मी." तो म्हणाला, "हाव हाव, तूच." आणि डोळा मिचकावला. दुसऱ्या दिवशी मठात गेले. तिथं तर एका म्हातारीने माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. "किती गुणाचं लेकरू! दुसऱ्याचं पाप अंगावर घेऊन राहिलं." मी जितकं सांगावं तितका दगडूमामा पक्का चोर होत होता, आणि मी पक्की देवी. खोटं बोलले तेव्हा गावाला पुरावा म्हणून ताटली पुरली. खरं बोलायला गेले तर मला कुणी साक्षीदारच म्हणेना, पुण्यवान म्हणत होते. आतमध्ये, खरं सांगायचं तर, ती देवीपणाची बोटं मोडलेली मला थोडी आवडलीही. ह्या वयात हे कबूल करायला लाज वाटत नाही. लाज वाटायला ती मी आता कुठं राहिले आहे.

तिसऱ्या दिवशी गिरणीत गेले. आठ-दहा बायका होत्या, पट्टा फटफटत होता, पीठ उडत होतं. मी पुन्हा तेच रडगाणं सुरू केलं आणि एकीच्या चेहऱ्यावर तो 'किती गुणाचं लेकरू' उमटायला लागलेला दिसला. माझं डोकं सणकलं. मी म्हटलं, "थांबा. गुणाचं लेकरू म्हणजे काय असतं ते दाखवते." आणि एका डब्याचं झाकण ताटलीसारखं हातात धरून मी मलाच करून दाखवायला लागले. छाती पुढे, मान तिरकी, 'मी सायन्सला होते'. मग मिस्त्री नमाजाला गेलेले, मी एकटी, हातात दोन वायसर, आणि तिसऱ्याकडे गुळाच्या खड्यासारखी बघतेय. मग तो तापलेला डबा आणि गारठलेलं इंजिन. मग मिस्त्रींचं मोजणं. मग आप्पांचं "ते गुळाला!" गिरणीवाल्याला ऐकू येईना म्हणून त्याने पट्टा उतरवला. गिरणी मध्येच थांबली तशी रस्त्यावरची माणसं दारात आली, काय झालं बघायला, आणि मला सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं. बायका पिठात बसून हसल्या. एकजण डोळे पुसत म्हणाली, "इतकं येडं काय कुणी मुद्दाम सांगत नसतंय बाई. खरंच असंल." दुसरी म्हणाली, "म्हंजे दगडूभाऊनं काय केलंच न्हाई की वं." आणि क्षणभर गिरणीत कुणाला कुणाकडे बघता येईना, कारण ज्या बायांनी डबे ओढले होते त्यातल्या दोघी तिथंच होत्या.

मुरुडच्या बाजारापर्यंत गोष्ट पोचली. मी जाईन तिथं लोक वायसर किती म्हणून विचारायला लागले. मला वाटलं, सुटले. तीच ती माझी सवय: काटा वर गेला की सगळं बरं. चौथ्या दिवशी सकाळी आप्पा रानात जाऊन ओल बघून आले. ढेकूळ अजून धरत होतं, पण कडेला वाळायला लागलं होतं. दगडूमामा आला नव्हता. किल्ली खिळ्यालाच होती.

अव्वा म्हणाली, "कट्ट्यावर सांगितलंस. मठात सांगितलंस. गिरणीत तर तमाशाच केलास म्हणं. सोनाबाईला सांगितलंस का?"

"तिला कळलंच असेल की. सगळ्या गावाला कळलंय."

अव्वाने धपाट्याचं पीठ परातीत लोटलं आणि माझ्याकडे पाठ केली.

दगडूमामाचं घर ओढ्याच्या कडेला होतं. सोनामामी दारात सूप घेऊन उडीद पाखडत बसली होती. मला बघून तिने 'ये' म्हटलं नाही, 'जा'ही म्हटलं नाही. मी पायरीखाली उभी राहिले आणि सुरू केलं. छाती पुढे, मान तिरकी. मला तो प्रयोग आता पाठ झाला होता. कुठे थांबलं की हशा येतो ते ठाऊक होतं. मी मलाच केलं, मिस्त्रींना केलं, आप्पांना केलं. "ते गुळाला!" म्हणून थांबले. हशा आला नाही. सुपातला उडीद वर उडत होता, खाली पडत होता. फोलपट माझ्या पायाशी येऊन पडत होतं.

"झालं?" तिने विचारलं.

"हो."

"गिरणीतबी असंच सांगितलं म्हणं. लोक लई हासले."

"हो."

"बरं झालं." तिने सूप मांडीवर ठेवलं. "आता हासू न आणता सांग."

मला वाटलं, हे सोपं आहे. तोंड उघडलं आणि मान आपोआप पुन्हा तिरकी व्हायला लागली. हसवत सांगितलं की गोष्ट माझी होत होती. मी त्यातली नायिका, येडी असली तरी नायिकाच. दगडूमामा त्या गोष्टीत नुसता किल्ली अडकवण्यापुरता येऊन जात होता. शेवटी म्हणाले, "चूक मी केली. न तपासता मामांना चोर ठरवलं. चार जणांत बोलले. तुम्हाला त्यामुळे खाली बघावं लागलं."

सोनामामी माझ्याकडे बघत होती. चेहऱ्यावर माफीबिफी काही उमटली नाही. तसलं काही आमच्याकडे उमटत नाही. ती म्हणाली, "एवढंच व्हतं व्हय? मंग चार दिस कशाला लागले?"

पासष्टी जवळ आली, ह्याचं उत्तर अजून शोधते आहे.

तिने सूप पुन्हा उचललं आणि मागे न वळता घरात हाक दिली, "अवं, उठा आता. ओल चालली."

आतून दगडूमामा आला. दाराआडच बसला होता तो, सगळं ऐकत. टॉवेल डोक्याला गुंडाळत त्याने चपला पायात सरकवल्या आणि माझ्याकडे न बघता रस्त्याला लागला. मी मागोमाग निघाले. वाटेत ओढ्याचं पाणी का खळखळतं, सावली सकाळी लांब का पडते, मला बरंच काही सांगता आलं असतं. मी तोंड मिटून त्याच्या मागे चालत राहिले.